कशाबद्दल ते सांगितलं नाही

"सर, मी तुम्हाला क्षमा केली," असं म्हणून वकील रस्ता ओलांडून निघून गेली. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला होता, पाठीवर सॅक होती, आणि जाताना तिनं वळून पाहिलं नाही. कुणाची विसरलेली छत्री हातात द्यावी आणि आपल्या कामाला लागावं, तशी गेली. तो तिथेच उभा राहिला. दिवा तांबडा झाला, पुन्हा हिरवा झाला. मागून एक गृहस्थ म्हणाले, "जाताय का थांबताय?" आणि एवढ्या साध्या प्रश्नाचंही उत्तर आपल्याकडे तयार नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

वकील हे नाव मुलांनी ठेवलेलं. ती सोळा वर्षांची होती आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रविवारची उपासना संपल्यावर भरणाऱ्या तरुणांच्या वर्गात येत असे. हा वर्ग तो घेत असे; मोबदला म्हणून चहा आणि मऊ पडलेली बिस्किटं. आठवड्याचे बाकीचे दिवस त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून मुलांनी त्याचंही नाव भिंग ठेवलं होतं, आणि ते आपल्याला ठाऊक नाही असं तो कित्येक वर्षं निष्ठेनं दाखवत आला होता. वर्गात धडा संपला की बाकीची मुलं चपला शोधायला लागत. ही एकटी हात वर करी. शेजाऱ्यावर प्रेम करायचं हे ठीक आहे, पण शेजाऱ्याला ते नको असलं तर? दया दाखवायची, पण ज्याच्यावर दाखवायची त्याला विचारून की न विचारता? असले प्रश्न. त्याला ते आवडत, म्हणजे घरी गेल्यावर आवडत. वर्गात घड्याळाकडे लक्ष असे. अलीकडे तिनं हात वर करणं सोडलं होतं. पोरगी समजूतदार झाली, असा निष्कर्ष त्यानं काढला होता. दुकानातही कधीकधी असं होई, की जो माणूस तक्रार घेऊन यायचा थांबला त्याला चष्मा लागू पडला असं धरून चालायचं. तो माणूस दुसऱ्या दुकानात जायला लागलाय हे फार उशिरा कळे.

गेल्या रविवारी त्यानं वर्गाला गृहपाठ दिला होता. आठवडाभरात एका माणसाला क्षमा करा. खरीखुरी, मनातून. हवं तर त्या माणसाला एवढंच सांगा, की मी क्षमा केली. कशाबद्दल, ते सांगायचं नाही. क्षमा केली की विषय संपला, पुन्हा उकरून काढायचं नाही. हा शेवटचा मुद्दा त्यानं फळ्यावर लिहून खाली रेघ मारली होती, आणि मारताना खडू तुटला होता, इतकी त्याला ती गोष्ट पटलेली होती. आता दुकानाकडे चालताना ती रेघ त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागली. मुलं कुणाकुणाला क्षमा करतील याचा त्यानं बसमध्ये बसून चवीनं विचार केला होता: भाऊ, बहिणी, गणिताच्या बाई, क्रिकेटमधला पंच. त्या यादीत स्वतःला घालायचं त्याला सुचलंच नव्हतं. देणाऱ्याचं नाव यादीत कशाला असेल?

मुख्य म्हणजे, त्यानं काही केलंच नव्हतं. हे त्यानं दुकानाचं शटर वर करता करता तपासून पाहिलं. काही केलंय का? नाही. मग तपासणीच्या खोलीतला दिवा लावता लावता पुन्हा एकदा पाहिलं, आणि या वेळी उत्तर तितकं चटकन आलं नाही. काहीतरी असणारच, त्याशिवाय कोण क्षमा करेल? पण कुठं? एखाद्यानं येऊन अंगाला पट्टी बांधावी आणि जखम कुठे आहे ते न सांगता निघून जावं, तसं त्याला वाटत होतं. सिग्नलपासून तो स्वतःला चाचपत आला होता. मानेच्या मागे, कॉलरला लागून, काहीतरी गरम होतं. गंमत म्हणजे त्याला राग आला नव्हता. अपमानही वाटत नव्हता. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं, आणि ते इतकं, की पहिल्या गिऱ्हाईकाला त्यानं खुर्ची द्यायच्या आधीच तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला सांगितली.

गिऱ्हाईक म्हणजे एक आजीबाई होत्या. त्यांच्या नाकावर त्यानं तपासणीची जड चौकट ठेवली आणि काच बदलत विचारलं, "आता पाहा. ही पहिली. आणि ही दुसरी. कुठल्या काचेतून स्पष्ट दिसतं?"

"तुम्ही म्हणाल ती," आजीबाई म्हणाल्या.

"मी म्हणून कसं चालेल, आजी? डोळे तुमचे आहेत."

"अहो, पण तुम्ही शिकलेले. तुम्हाला बरोबर कुठली ते ठाऊक असणार. उगाच आमची परीक्षा."

सगळे असंच करतात. अंधाऱ्या खोलीत, हनुवटी टेकवून बसलेला माणूस, मग तो कुणीही असो, खरं काय दिसतं ते सांगत नाही; समोरच्याला काय हवं असेल ते सांगतो. अक्षर दिसत नसलं तरी अंदाजानं ठोकून देतो, आणि बरोबर आलं की खूष होतो, जणू चष्मा न लागण्याचं बक्षीस आहे. म्हणून त्याच्या धंद्यात सारखं उलटंपालटं विचारावं लागतं, आवाज सपाट ठेवून, चेहरा कोरा ठेवून. हे तो उत्तम करी. गावातल्या निम्म्या लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही ते त्याला माहीत होतं. वकीलचा नंबरही त्यानंच काढला होता, ती शाळेत असताना. "दोन्ही सारख्याच दिसतात" असं ती सरळ सांगायची, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. अशी माणसं थोडी असतात. मग अशा मुलीनं आपल्यात काय पाहिलं असेल? आजीबाईंनी दुसरी काच निवडली, मग पहिली, मग विचारलं की मधली नाही का. त्यानं मधली घातली. "हां!" त्या म्हणाल्या. "हीच म्हणत होते मी."

लहानपणी त्यांच्या घरी क्षमेची एक पद्धत होती. आई शिक्षिका होती आणि घरातही शाळेसारखंच, म्हणजे जेवणाची घंटा सोडून सगळं. तो आणि थोरला भाऊ भांडत, ओरबाडत, एकमेकांच्या वह्या खिडकीतून टाकत, आणि ताटं मांडली की आई दोघांना समोरासमोर उभं करी. "आधी एकमेकांची माफी मागा. काय झालं ते मग बघू." मग कधी बघितलं गेलं नाही. माफी मागितली जाई, केली जाई, हात धुतले जात आणि वरण वाढलं जाई. किती स्वच्छ वाटायचं तेव्हा. ओल्या फडक्यानं पुसलेल्या टेबलासारखं. तरुणांना क्षमा शिकवायची असं पाद्रीसाहेबांनी म्हटल्यावर त्याच्या मनात आलं ते हेच टेबल, आणि तेच तो इतकी वर्षं पुसत आला होता. भावाचे आणि त्याचे संबंध आजही अत्यंत चांगले होते. वाढदिवसाला एकमेकांना फोन करत, हवापाण्याचं बोलत आणि दोघेही फोन ठेवताना हलके होत. त्या खिडकीतून गेलेल्या वह्यांपैकी एकीत काय होतं, की ज्यासाठी भाऊ त्या दिवशी जेवायचाच थांबला होता? हा प्रश्न त्याला पन्नाशी उलटल्यावर, आजीबाईंच्या चष्म्याची मापं लिहिताना प्रथमच पडला. त्यानं माप चुकीचं लिहिलं आणि खोडलं.

संध्याकाळी बायको तिच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. ती दिवसभर लोकांचं रक्त काढी, त्यामुळे तिचं सांत्वन करण्याचं कसब तीन शब्दांपुरतं होतं: मूठ वळा, झालं. त्यानं सगळं सांगितलं. तिनं कॉलर उलटी केली.

"मग काय केलंस तू?"

"तेच तर माहीत नाही."

"बरोबर आहे. आपण केलेलं आपल्याला कुठे माहीत असतं. मला विचार, तू काय काय केलंस ते."

"तुला मी तिच्या बाबतीत विचारतोय."

"तिला विचार मग."

"विचारता येत नाही. उकरून काढायचं नाही असा नियम आहे."

"कुणी केला?"

तिनं इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे जरा कुतूहलानंच पाहिलं, म्हणजे एखादी शीर सापडत नसली की ती ज्या कुतूहलानं दंडाकडे पाहत असेल, तसं. "आणि समजा नाहीच कळलं," ती म्हणाली, "तर काय बिघडलं? फुकटात क्षमा मिळाली. घे आणि गप्प राहा." हे त्याला करून पाहायला हरकत नव्हती. त्यानं करून पाहिलंही, जेवण होईपर्यंत. पण न कळता घेतलेली क्षमा अंगाला लागत नाही, असं दिसलं. ती दुसऱ्या कुणाच्या मापाच्या कोटासारखी खांद्यावरून घसरत राहते. आणि तिच्याच बाबतीतलं आणखी एक काम डोक्यावर होतं. पुढच्या पंधरवड्यात या मुलांचं दृढीकरण होतं, म्हणजे त्यांना मोठ्यांच्या बरोबरीनं मंडळीत घेण्याचा विधी. त्यांच्या चर्चमध्ये रीत अशी, की मुलगा किंवा मुलगी वेदीपुढे गुडघे टेकते आणि तिच्या मागे तिचं एक माणूस उभं राहून खांद्यावर हात ठेवतं. कोण ते मुलानं स्वतः सांगायचं. सगळ्यांनी सांगितलं होतं. वकीलनं नाही. विचारलं की "सांगते" म्हणायची. सारी मंडळी आता फक्त तिच्यासाठी थांबलीय असं पाद्रीसाहेबांनी दोनदा ऐकवल्यावर त्यानं जरा पुढाकार घेतला होता, आणि तो पुढाकार ही त्याच्या मते या वर्षातली त्याची सगळ्यात सुंदर कल्पना होती. त्यानं तिच्या वडिलांना विचारून टाकलं होतं.

वडील तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते. बाई नाही, बाटली नाही, भांडण नाही. एका सकाळी दाढी करून गेले आणि दोन गल्ल्या पलीकडे, आपल्या खुर्च्या-सोफे शिवायच्या कारखान्याच्या माळ्यावर राहायला लागले. का, ते कुणालाच सांगितलं नाही. लांब गेले असते तर लोकांना निदान हळहळता आलं असतं; ते शेजारी झाले. वकील शाळेला जाता-येता त्यांच्या दारावरून जायची. पण आता ते मागचं झालं होतं. आता ती दर शनिवारी त्यांना भेटायला जायची हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. तेव्हा वडिलांचा हात, लेकीचा खांदा. याहून नीट काय असणार? तिला त्या दिवशीच कळेल. आनंदाचा धक्का. वडील हो म्हणाले होते, फार पटकन नाही, पण म्हणाले होते.

रविवारी वर्ग भरला. हॉलमध्ये भिंतीला टेकवलेलं टेबलटेनिसचं टेबल, कोपऱ्यात गायकांचे झगे, कुणीतरी सोडून गेलेला एक बूट. त्यानं नेहमीप्रमाणे खुर्च्यांचा गोल केला आणि गृहपाठाचं विचारलं. सगळ्यात उंच मुलगा, ज्याला खांब म्हणत, तो म्हणाला, "सर, मी दादाला क्षमा केली. तो म्हणाला कशाबद्दल. मी म्हटलं सांगायचं नाही. तो म्हणाला सांग नाहीतर बघ. मग मारामारी झाली."

"म्हणजे क्षमा केली की नाही?"

"केली होती, सर. आता परत करावी लागेल."

मागून कुणीतरी म्हणालं, "मी मांजराला केली." आणखी कुणीतरी, "मी स्वतःला केली, वेळ नव्हता म्हणून." हशा झाला. एरवी त्यानं या हशावरून सफाईनं धड्यावर उडी मारली असती, पण आज त्याचं लक्ष वकीलकडे होतं. ती हसत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि हे त्याला अधिकच विचित्र वाटलं; ज्याला क्षमा केली त्याच्यासमोर माणूस इतकं मोकळं कसं बसू शकतं? तो स्वतः आखडून बसला होता. गुन्हेगार तो, आणि गुन्हा कुठला हे फक्त तिला ठाऊक. वर्ग संपल्यावर खुर्च्या रचायला थांब असं त्यानं तिला सांगितलं. ती थांबली.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"उकरून काढायचं नाही, सर. रेघ मारलीय तुम्ही."

"उकरत नाही. मी नुसते अंदाज करतो. तू हो की नाही, एवढंच सांग."

"हे पण उकरणंच आहे."

"अभ्यासाचा भाग समज."

तिनं एका खुर्चीवर दुसरी चढवली. "बरं. करा."

त्यानं आवाज सपाट केला, चेहरा कोरा केला. "गाण्याच्या वेळी तुला मागच्या रांगेत उभं केलं, ते?"

"ते तुम्ही केलंत?" तिच्या हातातली खुर्ची अर्ध्यावर राहिली. "मला वाटलं ऑर्गनवाल्या बाईंनी! मी तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीये."

"म्हणजे, तुझा आवाज जरा..."

"जरा काय?"

"जाऊ दे. वर्ग बुडवून तुम्ही तळ्यावर गेलात ते तुझ्या आईला सांगितलं, ते?"

"आईला तुम्ही सांगितलंत? सर! मी खांबाला चहाडखोर म्हटलं. सगळ्यांसमोर. तो बिचारा रडला."

इथे थांबायला हवं होतं. धंद्यातही हे त्याला माहीत होतं: काच जमेना म्हणून माणूस एकामागून एक बदलत राहतो, आणि एका क्षणानंतर समोरच्याला काहीच धड दिसेनासं होतं. पण त्याचं कुतूहल आता उताराला लागलं होतं. तिसरा अंदाज त्याच्या तोंडून निघाला तेव्हा त्याला तो अंदाज वाटलाही नाही. खरं तर शेवटी काहीतरी गोड सांगून आधीचं भरून काढावं असाच त्याचा विचार होता.

"मग तुझ्या पाठीशी उभं राहायला मी तुझ्या बाबांना विचारलं, ते कळलं की काय तुला?"

तिनं खुर्ची खाली ठेवली. आवाज न करता. बाहेर अंगणात मंडळी गप्पा मारत होती, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, आणि हॉलमध्ये झग्यांचा डांबराच्या गोळ्यांचा वास अचानक जास्त येऊ लागला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो म्हणाले. नवा शर्ट घेईन म्हणाले."

"मला नकोयत ते."

"अगं, पण तू तर त्यांना क्षमा—"

"तेच," ती म्हणाली. "त्याच्याबद्दलच केली मी तुम्हाला."

त्याला काहीच कळलं नाही, आणि ते त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट असावं की तिला त्याची दया आली. ती रचलेल्या खुर्च्यांना टेकून उभी राहिली आणि सांगायला लागली, रागानं नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. गेल्या हिवाळ्यात, तुम्ही विचारलं होतंत की मनात कुणाबद्दल काही आहे का. मी उभी राहिले. मी म्हटलं, मला वाटतं मी बाबांना क्षमा करू शकेन, पण. आणि तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात.

त्याला तो रविवार आठवला. कसा आठवणार नाही? त्या रविवारसाठीच तर तो हे सगळं करत होता, असं त्याला कितीतरी दिवस वाटत आलं होतं. खिडकीतून पडलेलं ऊन, मुलीचा उभा देह, तिच्या चष्म्याच्या काचा चमकत होत्या त्यामुळे डोळे दिसत नव्हते. त्याच्या हातांनी आपोआप टाळी वाजवली, मग वर्गानं, मग दारात उभ्या असलेल्या ऑर्गनवाल्या बाईंनी. बाई रडल्या, मुलीला त्यांनी छातीशी धरलं. पाद्रीसाहेबांनी पुढच्या आठवड्यात प्रवचनात सांगितलं, नाव न घेता, आणि नाव न घेतल्यामुळे सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. आपल्या त्या टाळीचा आवाज त्याला आता पुन्हा ऐकू आला, भरघोस, समाधानी, आणि तिच्या त्या अर्ध्या वाक्याच्या बरोबर डोक्यावर पडलेला. त्या 'पण'च्या पुढे काय होतं? हे त्यानं त्या दिवशी विचारलं नव्हतं. नंतरही नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल त्याला कुतूहल होतं.

"त्यानंतर मला चिडताच येईना," ती म्हणत होती. "मी जरा काही बोलले की आई म्हणते, अगं, पण तू तर क्षमा केलीस ना, किती मोठ्या मनानं. दुकानातला वाणीसुद्धा म्हणतो. मग शनिवारी जाते. बसते. चहा पिते. बरी आहे म्हणते. येते. मला त्यांना विचारायचंय की का गेलात, सर. ओरडून विचारायचंय. पण मोठ्या मनाच्या माणसानं ओरडायचं कसं?"

कितीतरी वाक्यं त्याच्या जिभेवर गोळा झाली. माझा हेतू. मला वाटलं. मुळात मी असं. ती सगळी चांगली वाक्यं होती आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला तो स्वतः उभा होता. त्यानं ती गिळली. गिळताना कानात चक्क आवाज झाला.

"मग मला कशी केलीस?" त्यानं विचारलं.

"गृहपाठ होता ना. एका माणसाला करायची होती. आधी बाबांना करून पाहिली, परत. जमेना. मग म्हटलं सोपं माणूस घेऊ."

"मी सोपा?"

"तुम्ही मुद्दाम नव्हतं केलंत," ती म्हणाली. "आणि तुम्ही सारखे भेटता, सर. सरावाला बरे." मग तिला जरा वाईट वाटलं असावं. "पण झाली. खरंच झाली. बुधवारी एकदम लक्षात आलं की तुमचा राग येत नाहीये. म्हणून सिग्नलवर सांगून टाकलं. गाण्याचं आणि आईला सांगितल्याचं मात्र वेगळं. त्याला वेळ लागेल."

"लागू दे," तो म्हणाला. "मग मी आता काय करू?"

"बाबांना तुम्ही विचारलंत. तुम्हीच सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"की मी अजून चिडलेली आहे."

"एवढंच?"

"एवढंच. आणि पाठीशी कोण ते मला ठरवू द्या. पाद्रीसाहेबांना म्हणावं, थांबा."

सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो तिच्या वडिलांच्या कारखान्याकडे गेला. वाटेत त्याला वाटत राहिलं, की आयुष्यात आपण कितीतरी लोकांना बातमी नेऊन दिली, शेजाऱ्यावर प्रेमाची, दयेची, क्षमेची. पण 'अमुक माणूस तुमच्यावर चिडलेलं आहे' असा निरोप कधी पोचवला नाही. याला काय चेहरा करतात? दुःखी? गंभीर? तपासणीच्या खोलीतला कोरा चेहरा इथे चालेल का? कारखान्याच्या दारात रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या होत्या, आत फोमचा चुरा उन्हात तरंगत होता आणि सरसाचा उग्र वास होता. वकीलचे वडील उलट्या टाकलेल्या सोफ्यापुढे गुडघ्यांवर बसून कापड ताणत होते. ओठांत खिळे धरलेले. जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, बोटांत घ्यायचा, ठोकायचा. याला पाहून त्यांनी मानेनंच बसा म्हटलं. बसायला सगळीकडे खुर्च्या होत्या, एकीलाही बैठक नव्हती. तो उभा राहिला.

"दृढीकरणाचं सांगायला आलोय," तो म्हणाला. "मी तुम्हाला विचारलं, ते तिला न विचारता विचारलं. तिला ते नको आहे. चूक माझी आहे, तुमची नाही." मग सगळं पुरं करायला हवं म्हणून तो म्हणाला, "तिनं सांगायला सांगितलंय, की ती अजून तुमच्यावर चिडलेली आहे."

हातोडी थांबली. त्या माणसानं तळहात तोंडापुढे धरला आणि एकेक करून खिळे बाहेर काढले. फार सावकाश. शेवटचा निघाल्यावरही तो तळहाताकडेच पाहत होता.

"चिडलीय?" त्यानं विचारलं. "अजून?"

"हो."

"नक्की? का तुम्हाला वाटतं?"

"तिचेच शब्द आहेत."

"पण तुमच्याकडे तर टाळ्या वाजवल्या म्हणे. माझ्या कानावर आलं होतं. क्षमा झाली म्हणून."

"त्या आम्हीच वाजवल्या. तिचं बोलणं पुरं झालं नव्हतं."

तो माणूस उठला. गुडघे झटकले. त्याच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते वाचायला याचे सगळे तक्ते कमी पडले असते. नीट पाहावं म्हणून हा नकळत एक पाऊल पुढे सरकला. "दर शनिवारी येते हो," तो माणूस म्हणाला. "तिथे बसते. बँकेत आल्यासारखी. बरी आहे, अभ्यास चाललाय, तुम्ही जेवलात का, येते मग. मी म्हटलं, झालं. या पोरीचं माझ्याकडे आता काही राहिलेलं नाही. लहान असताना चिडली की हातात येईल ते फेकायची. रिमोट फोडलेत तिनं माझे." खिळे त्याच्या मुठीत वाजले. "सोडून गेलो तेव्हाही एवढं नव्हतं वाटलं, जेवढं त्या टाळ्यांचं ऐकून वाटलं."

यावर काय बोलायचं असतं? त्याला ठाऊक नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला ते ठाऊक नसणं आवडलं. तो फक्त थांबला, पुढचं ऐकायला.

"का गेलो ते विचारेल ती," तो माणूस म्हणाला.

"विचारणार आहे. ओरडून विचारायचंय म्हणाली."

"मला धड सांगता यायचं नाही."

"तसं सांगा."

त्या माणसानं आजूबाजूला पाहिलं: उलटा सोफा, बिनबैठकीच्या खुर्च्या, दारातून दिसणारी गल्ली, समोर दाराशी बसून भाजी निवडणारी एक शेजारीण. मग तो पुढे झाला आणि अर्ध्यावर उघडलेलं शटर हातानं खाली-वर करून त्यानं पाहिलं, पुरतं बंद होतंय की नाही.

"या शनिवारी कारखाना बंद ठेवतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक असलं की तिला मोकळेपणी ओरडता येत नाही. आवाज जाईल बाहेर. जाऊ दे."